जुनं किंग एअर घेताना

आमची फाउंड्री कोल्हापुरात, गिऱ्हाईकं राजकोट आणि कोइमतूरला. दोन्ही गावं सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास, पण जायचं म्हणजे आधी मुंबई नाहीतर बंगळूर गाठायचं, तिथून पुढचं विमान. एका बैठकीपायी दोन दिवस मोडायचे. शेवटी मालकांनी जुनं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनावर पंखा फिरणारं छोटं विमान, घ्यायचं मनावर घेतलं आणि हिशेब बघणारा म्हणून धावपळ माझ्या गळ्यात पडली.

मॉडेल ठरायला वेळ लागला नाही. पिलाटस पीसी-१२ ची केबिन ऐसपैस, पण इंजिन एकच. पावसाळी अंधारात घाटावरून यायचं तर घरच्यांना दोन हवी होती. दोन इंजिनांचं किंग एअर बी२०० आमच्या गरजेपेक्षा मोठं. राहिलं त्याच किंग एअर घराण्यातलं धाकटं, सी९०. परदेशात पर्याय भरपूर, पण आयातीची परवानगी, विमानाच्या वयाच्या अटी, वरून कर. म्हणून देशातलंच, व्हीटी (भारतीय) नोंदणीचं बघायचं ठरलं.

पहिलं विमान बघताक्षणी मालक खूश. नवं लेदर, चकचकीत टेबलं. सोबत नेलेले एएमई, म्हणजे विमान देखभालीचे परवानाधारक इंजिनिअर, आयुष्यभर किंग एअरवरच काम केलेले. ते म्हणाले, “साहेब, सीटा काय, कधीही बदलता येतील. लॉगबुकं मागवा.” दुपारभर ते पानं उलटत बसले. सी९० च्या प्रोपेलरचं दर सहा वर्षांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून तपासणी-दुरुस्ती, लागतं. ते झाल्याची नोंद होती, सही-शिक्का होता, पण ज्या वर्कशॉपने काम केलं त्याचं रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे काम नीट झाल्याचा दाखला, फाईलमध्ये नव्हतं. विकणारे म्हणाले, “मिळेल हो, कुठं जातंय!” ते काही मिळालं नाही. कागद नाही म्हणजे ओव्हरहॉल झालंच नाही असं धरायचं, हा या धंद्यातला रिवाज मला तेव्हा कळला आणि पटलाही. ते विमान सोडलं.

दुसरं दिसायला साधं, कार्पेट विटलेलं, पण पहिल्या दिवसापासूनची लॉगबुकं जागच्या जागी. या विमानाच्या पीटी६ इंजिनाचं ओव्हरहॉल ३६०० तासांनी आणि मध्ये साधारण १८०० तासांनी हॉट सेक्शन, म्हणजे इंजिनाच्या तापणाऱ्या भागाची, तपासणी. किंमत सांगताना विकणारा एअरफ्रेमचे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे, एकूण तास सांगतो. आपण इंजिनात उरलेले तास विचारायचे. हे विमान काही वर्षं किनाऱ्यालगत उभं असायचं, म्हणून एएमईंनी बोरोस्कोपचा, म्हणजे इंजिनात नळीचा कॅमेरा घालून बघण्याचा, आग्रह धरला. पडद्यावर टर्बाइनची पाती एकेक करून सरकत होती. एका पात्याच्या कडेला खरबरीत, फुगीर डाग दिसला आणि त्यांनी हात थांबवला. खाऱ्या हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून धातू खातात, त्याची ही सुरुवात. मर्यादेत होतं. तरी फोटो घेऊन, तारीख घालून फाईलला लावला. पुढे किमतीच्या बोलणीत तो फोटो माझ्या वकिलीपेक्षा जास्त बोलला. त्यात लँडिंग गिअरचं सहा वर्षांचं ओव्हरहॉलही जवळ आलेलं. तो खर्च किमतीतून वजा करून घेतला.

माणसांचा हिशेब मात्र मालकांना रुचला नाही. जाहिरातीत सीटा मोजून दाखवतात. टाकी पूर्ण, म्हणजे साडेचौदाशे लिटरच्या आसपास, भरली आणि दोन पायलट बसले, की वजनात दोन-तीन प्रवासीच उरतात. राजकोटला तेवढं इंधन लागत नाही, म्हणून कमी भरून चार जण नेता येतात. हे कागदावर मांडून दाखवल्यावर मग सही झाली.

पुढचं सगळं कागदांचं. विमानावर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा होता. तो उतरल्याचं पत्र हातात पडेपर्यंत मी उरलेली रक्कम सोडली नाही. मग बिल ऑफ सेल, विमा, डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मालकी बदलाची नोंद, एआरसी म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचा दाखला, वायरलेसचा परवाना. एक कागद अडला की मागचे सगळे खोळंबतात, आणि तोवर हँगरचं भाडं चालूच.

विमान आल्यावर एमआयडीसीतल्या एक-दोघांनी विचारलं, रिकामं असेल तेव्हा द्या, इंधनासकट पैसे देतो. नोंदणी खासगी आहे, भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. त्यासाठी वेगळं परमिट काढावं लागतं. एकाने तर मैत्रीखात्यात न्या म्हणून सुचवलं. त्याला चहा पाजून परत पाठवला.