ट्रेलर जोडला की ट्रक का अडखळतो?

इस्लामपूरच्या बाजूला माझ्या मामाचं शेत आहे. गाळप हंगामात मामा ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून रात्री कारखान्याकडे निघायचा आणि मी हट्टाने त्याच्या शेजारी मडगार्डवर बसायचो. ओढणारी गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही तो ट्रॅक्टर येतो. इथे अमेरिकेत, डेन्व्हरला माझ्या दारात जी ओढणारी गाडी आहे ती २००३ सालचा पिकअप ट्रक. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १ लाख ९० हजार मैल पळालेलं. मागे जोडायला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची एक खोली: दोन पलंग, शेगडी, फ्रिज. भरल्यावर वजन साधारण १,९०० किलो. उन्हाळ्यात मुलांना घेऊन डोंगरात जायचं, तळ्याकाठी दोन रात्री काढायच्या, हे आमचं इथलं सगळ्यात मोठं सुख आहे. दोन उन्हाळे या ट्रकने ते हिरावून घेतलं होतं. त्याचं दुखणं शेवटी कसं सापडलं ते सविस्तर लिहितोय.

आधी रस्ता समजून घ्या. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर वसलंय. म्हणजे आम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर राहतो आणि घाट तिथून सुरू होतो. आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की आयडाहो स्प्रिंग्स लागतं, मग जॉर्जटाउन, मग सिल्व्हर प्लूम, आणि सुमारे ९५ किलोमीटरवर आयझेनहॉवर बोगदा, ३,४०१ मीटर उंचीवर. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे, म्हणजे सुमारे ३०० मीटरमागे, साधारण ३ टक्क्यांनी घटते. बोगद्यापाशी पोचेपर्यंत तिचा जवळपास एक तृतीयांश भाग हवेतच विरलेला असतो. तेव्हा चढावर गाडी मंदावणं इथे कुणालाच नवीन नाही. आमचा ट्रक मात्र मंदावत नव्हता, तो अडखळत होता.

पहिल्यांदा झालं ते सिल्व्हर प्लूमच्या पुढे. चढ सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. ॲक्सिलरेटर दाबला तरी जोर येईना, मग गचके बसायला लागले आणि 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकू लागला. हा दिवा नुसता पेटला तर सवडीने बघता येतं. लुकलुकायला लागला तर त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते तसंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तो त्याने जळून निकामी होतो. मी गाडी कडेला घेतली. डावीकडून अवजड ट्रक घुसळत जात होते, प्रत्येकाबरोबर आमचा कॅम्पर हलायचा, आणि मागे बसलेली मुलगी एकदम गप्प झाली होती. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर इंजिन झकास चालू झालं. पुढचा पाच-सात मैलांचा चढ पार केला आणि पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये आठही स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या कॉइल बदलल्या. यात चूक काहीच नव्हती. इंजिनावर जोर आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, वाढलेल्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि म्हातारी कॉइल नेमकी तिथे हार मानते. ट्रक घेऊन मी शहराबाहेर चाळीस मैल फिरून आलो, उत्तम चालला. दोन आठवड्यांनी कॅम्पर जोडून निघालो तर जॉर्जटाउनच्या पुढे पुन्हा तेच. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला. मग कन्व्हर्टर चोंदलाय का ते दाब मोजून पाहिलं, तो चांगला निघाला. दोन उन्हाळे असेच गेले. माझी बायको एवढंच म्हणाली, "मुलांना घेऊन पुन्हा त्या कडेला उभं राहायचं नाही." ते बरोबरच होतं.

हिवाळ्यात मी स्वतः अभ्यासाला बसलो. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक कारला आणि हलक्या ट्रकला डॅशबोर्डखाली एका ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. त्यात वीस-तीस डॉलरचा छोटा स्कॅनर बसवला की इंजिनाचा संगणक काय पाहतोय ते फोनवर दिसतं. आमच्या ट्रकने पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन कोड साठवून ठेवले होते. त्यांचा अर्थ, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. त्याहून बोलका आकडा 'फ्युएल ट्रिम'चा. पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं की संगणक पेट्रोल फवारणारे इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो; किती टक्के जास्त, ते इथे दिसतं. माझ्याकडे गाडी उभी असताना ४ टक्के, आणि चढावर २५. कुठल्या तरी फाटक्या नळीतून हवा आत शिरत असती, तर गाडी उभी असताना हा आकडा मोठा दिसला असता आणि जोर वाढेल तसा उतरला असता. इथे बरोबर उलटं. म्हणजे पेट्रोल मागितलं जातंय तेवढं पोचत नव्हतं.

मे महिन्यात इंजिनाच्या पेट्रोल-नळीला दाबाचा काटा जोडला, त्याची रबरी नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि काटा काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवला. बायको गाडी चालवत होती, मी काट्यावर डोळे लावून बसलो होतो. सपाटीवर ५५ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). जॉर्जटाउनला ५०. त्यानंतरच्या चढावर ४६, ४२, ३८, आणि पहिला गचका. मला त्या क्षणी किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. दीड वर्ष जो आजार फक्त जाणवत होता त्याला आता आकडा मिळाला होता.

पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो. टाकी उतरवून पंप आणि फिल्टर, दोन्ही नवे बसवले. एकूण खर्च आता १,९०० डॉलरच्या वर गेला होता. पुढच्या शनिवारी पुन्हा काटा लावून निघालो, आणि नवा कोरा पंप असूनही काटा ४१ वर आला.

त्या दिवशी आम्ही आयडाहो स्प्रिंग्सवरूनच परत फिरलो. आमचा एक मित्र त्याच्या कुटुंबासह मागून येत होता. त्याच्या मुलाने गंमत म्हणून आमच्या कॅम्परचा व्हिडिओ काढला होता. रात्री तो पाहताना मी थबकलो. मी उजवीकडचा इंडिकेटर दिला होता. तो लागला की कॅम्परच्या मागचे वरचे लाल दिवे मंद व्हायचे आणि विझला की पुन्हा उजळायचे. हे मी कुठेतरी पाहिलेलं होतं. मामाच्या ट्रॉलीवर! ट्रॉलीच्या मागच्या दिव्याला जाणारी वायर एकच असायची. परतीची वाट लोखंडातून, ट्रॉलीच्या सांगाड्यातून पिनेत आणि पिनेतून ट्रॅक्टरमध्ये. पिनेवर ग्रीस आणि माती साचली की दिवा मिणमिणायचा. मामा खाली उतरायचा, पिन पुसायचा आणि म्हणायचा, "अर्थ सुटलीया."

अर्थ. इथले लोक तिला ग्राउंड म्हणतात. वीज बॅटरीतून निघते ती कुठूनतरी परत बॅटरीत आली पाहिजे. ती परतीची वाट खराब असेल तर तिच्यावर अवलंबून असलेलं सगळंच अर्धपोटी चालतं. दिवा असेल तर मंद होतो. आणि पंप असेल तर?

सकाळी मीटर काढला आणि वीस फूट वायर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं मागे पंपाच्या अर्थच्या वायरला. इंजिन चालू. वाट साफ असेल तर इथे ०.१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. ०.५ दिसलं. मग मी कॅम्परचा सात पिनांचा प्लग ट्रकला जोडला, दिवे लावले, फ्रिज १२ व्होल्टवर टाकला, जसा आम्ही प्रवासात ठेवतो. १.६ झालं. तसंच चालू ठेवून वीस मिनिटं थांबलो: २.५ व्होल्ट. पंपाला मिळायच्या व्होल्टेजमधून एवढं वाटेतच गळत होतं, तर तो पुरेसं पेट्रोल ढकलणार कसा?

ट्रकच्या खाली शिरलो. मागच्या बाजूला, चासीच्या आतल्या अंगाला एका बोल्टवर तीन वायरींची टोकं एकावर एक दाबून बसवलेली होती: पंपाची, ट्रकच्या मागच्या दिव्यांची, आणि कॅम्परच्या सॉकेटची जाड पांढरी. बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. हा ट्रक आधीची बरीच वर्षं ओहायो राज्यात होता. तिथे बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांची खालची बाजू खाऊन टाकतं. चासी आणि त्या टोकांच्या मध्ये गंजाचा थर बसला होता. एकट्या पंपाचा प्रवाह त्यातून कसाबसा जायचा. कॅम्परचे दिवे, त्याच्या बॅटरीचं चार्जिंग आणि फ्रिज यांचा प्रवाह त्याच बोल्टातून परत यायला लागला की तो तापायचा, तापला की विरोध वाढायचा, आणि पंप आणखी मंदावायचा. वीस मिनिटं थांबून तो गार झाला की सगळं ठीक. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं म्हणून तिथे हे कधी जाणवलंच नाही. चढावर इंजिन भरपूर मागायचं आणि पंप नेमका तेव्हाच थकलेला असायचा.

आम्ही सगळे 'लोड आला की बंद पडतो' असं म्हणत होतो आणि लोड म्हणजे वजन, असं धरून चाललो होतो. तो लोड विजेचा होता. गॅरेजवाल्यांना मी दोष देणार नाही. त्यांनी प्रत्येक वेळी नीट तपासलं, पण मी प्रत्येक वेळी ट्रक एकटाच नेला होता. कॅम्पर घरी ठेवून गेलो की आजारही घरीच राहायचा.

दुरुस्तीला एक दुपार आणि चौदा डॉलर लागले. गंज घासून चासी चकचकीत केली, तिन्ही वायरींना नवी तांब्याची टोकं लावून प्रत्येकीला वेगळा बोल्ट दिला, कॅम्परची पांढरी वायर जाड केबलने थेट बॅटरीपर्यंत नेली, आणि सगळ्या सांध्यांवर ग्रीस चोपडलं. पुन्हा मीटर लावला, कॅम्पर जोडून, फ्रिज चालू ठेवून. ०.०६ व्होल्ट.

तुमच्यापैकी कुणाची जुनी जीप किंवा पिकअप ट्रॉली जोडल्यावरच त्रास देत असेल, तर मेकॅनिककडे नेताना ट्रॉली जोडूनच न्या. आणि पंप बदलण्याआधी त्याच्या जागेवर, सगळं चालू असताना, व्होल्टेज मोजायला सांगा. बॅटरीवर मोजलेल्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी निघालो. काटा अजून काचेवर होता. जॉर्जटाउन, ५५. सिल्व्हर प्लूम, ५४. ताशी पंचेचाळीस मैलांनी, अवजड ट्रकांच्या रांगेत, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकसारखं घुमत होतं. मुलगी मागून दर मिनिटाला विचारत होती, "बाबा, किती?" आणि मी आकडा सांगत होतो. बोगद्याच्या तोंडाशी ५४ होते. आत शिरलो आणि अंधारात काटा दिसेनासा झाला, तेव्हा ती विचारायची थांबली.