उरलेल्या लोकरीचं दुपटं

नणंदेच्या मुलीचं बाळंतपण डिसेंबरात आहे, म्हणजे पुण्यातल्या ऐन थंडीत, त्यामुळे बाळंतविड्यात झबली-टोपडी-लाळेरी असणारच पण एक लोकरीचं दुपटंही हवं असं घरात ठरलं, आणि ते कोणी करायचं हेही मला न विचारता ठरलं. मी एकच अट घातली, तुळशीबागेतून नवीन लोकर एक गुंडासुद्धा आणायची नाही. सासूबाईंच्या कपाटावरच्या बॅगेत घरातल्या सगळ्या स्वेटरांचं उरलंसुरलं पडलेलं आहे, सासऱ्यांच्या स्लिपओव्हरचा बॉटल ग्रीन, नवऱ्याच्या शाळेच्या स्वेटरचा मरून, आणि एक भडक राणी कलर ज्याचं काय केलं होतं ते कोणी कबूल करत नाही.

आता उरलेल्या लोकरीचं म्हटलं की लोक आधी रंग जुळवत बसतात. माझं म्हणणं, रंग शेवटी बघा, आधी जाडी बघा. जाड आणि बारीक लोकर एकाच दुपट्यात आली की काही पट्टे ताठ आणि काही लिबलिबीत होतात, मग बारीक असेल ती दुहेरी घ्यायची. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती खरी लोकर आहे की ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण घराघरात पडलेले बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचेच असतात आणि लेबलं कधीच हरवलेली असतात. त्यावर उपाय म्हणजे बोटभर तुकडा सांडशीत धरून सिंकवर जाळून बघायचा. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो, खऱ्या लोकरीची राख बोटांत चुरडली जाते आणि केस जळल्यासारखा वास येतो. मरून जाळल्यावर बाहेरून आवाज आलाच, "अगं, काय जळतंय? केस सांभाळ!" म्हणजे मरून खरी लोकर निघाली, ती बाजूला. कारण खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते आणि ॲक्रिलिक आहे तसं राहतं, दोन्ही एकत्र विणलं तर काही धुण्यांत दुपट्याला चुण्या पडणार. शिवाय तान्ह्या बाळाला लोकर टोचूही शकते. ॲक्रिलिकला नाकं मुरडणारे मुरडू देत, बाळाच्या रोज धुवायच्या वस्तूला तेच बरं.

विण अगदी सोपी, सगळ्या ओळी सुलट, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा गुंडाळत नाहीत. फक्त सुरुवात कोपऱ्यातून. ४ टाके घालायचे, एक ओळ सुलट. मग प्रत्येक ओळीला २ सुलट, सुईवर लोकर घेऊन एक टाका वाढवायचा, पुढे सगळे सुलट. त्रिकोण वाढत जातो, त्याची तिरकी बाजू ३० इंच झाली की उतरायला, म्हणजे टाके कमी करायला लागायचं: १ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून), लोकर घ्या, परत दोनाचा एक, बाकी सुलट, असं ४ टाके उरेपर्यंत, मग बंद. यातली खरी गंमत म्हणजे टाक्यांचा हिशोब आधी करावा लागत नाही. सगळी लोकर किचनच्या वजनकाट्यावर ठेवायची, निम्मी संपली की उतरायला सुरुवात, मग दुपटं ३० इंचांऐवजी २६ चं झालं तरी चौकोनच होतं. छोटे गुंडे कोपऱ्यांना, मोठे मधल्या लांब ओळींना. एका ओळीला तिच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट लोकर लागते, तेवढी नसेल तर रंग आधीच बदला. आणि रंग कायम एकाच बाजूने बदला, नाहीतर पुढच्या बाजूला मधेच रंगांचे तुटक ठिपके दिसतात.

सुया मी ८ नंबरच्या घेतल्या, म्हणजे ४ मिमी. (आपल्या जुन्या सुयांचे नंबर उलटे चालतात, १२ नंबर बारीक, ८ जाड.) मध्यावर टाके खूप होतात, सरळ सुईवर मावत नाहीत, गोल सुई (मधे लवचिक वायर असलेली) घ्या आणि येरझाऱ्या घालत विणा.

कंटाळवाणा भाग म्हणजे टोकं. जितके रंग तितकी टोकं, आणि नुसती गाठ मारून कापून टाकायचं अजिबात नाही, सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बोथट सुईने टोक एकदा या दिशेला, मग उलट दिशेला ओवायचं. सासूबाई हे टीव्ही बघत करतात, मला चष्मा आणि ट्यूबलाइट दोन्ही लागतं.

घरात एक गोष्ट आधीच सांगून ठेवली आहे, ती म्हणजे हे दुपटं मांडीवर, बाबागाडीत, गच्चीवर उन्हात न्यायला. बाळ एकटं झोपलेलं असताना अंगावर सुटं पांघरूण नको, पहिलं वर्षभर तरी, बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात. यावर "आमच्या वेळी..." सुरू झालंच, पण नणंद माझ्या बाजूने आहे.

धुतल्यावर दोरीवर लटकवायचं नाही, ओल्या वजनाने ही विण लांबते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरायचं. इस्त्री तर नकोच, ॲक्रिलिक चपटं होऊन कायमचं लुळं पडतं. गोधडीसारखं दोन दिवस वाळत बसत नाही हे मात्र आहे. राणी कलर शेवटी मधल्या पट्ट्यात गेला, आणि सगळ्यांना तोच आवडतोय.