‘गावठी’ म्हणून बाजूला सारलेलं गाणं

कोल्हापुरात कुणी कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेडुतांच्या गाण्यातून वाढलेलं संगीत, ऐकतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ते हॅटवाले, घोड्यावरचे?” दुसरा त्याच्या पुढचा: “म्हणजे गोऱ्यांचं गावठी गाणंच की ते!” गंमत नाही, खरंच विचार करा. या दोन्ही वाक्यांत गाण्याबद्दल एक अक्षर नाही. हॅट 1930 च्या दशकातल्या गाणाऱ्या काउबॉयच्या सिनेमांनी डोक्यावर चढवली. ‘गावठी’ आणि ‘गोऱ्यांचं’ हे दोन शिक्के रेकॉर्ड विकणाऱ्यांनी मारले. आपण ते शिक्के वाचतो आणि गाणं ऐकलं असं समजतो.

शिक्क्याची गोष्ट आधी. 1923 मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी राल्फ पीअरने अटलांटात जॉन कार्सन या फिडल (व्हायोलिन) वाजवणाऱ्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि दक्षिणेतल्या खेडुतांच्या गाण्याला गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना कळलं. मग त्यांनी दोन खण केले. काळ्या कलाकारांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड’ म्हणून, गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाने ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव यादीला दिलं ते थेट 1949 मध्ये.

प्रत्यक्षात मात्र गाणी आणि वादक हे खण पाळत नव्हते. बँजो हे वाद्यच पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत आलं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या लोकप्रिय कलाकारांत डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. गोऱ्या गायकांच्या कार्टर कुटुंबातल्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत हिंडणारा लेस्ली रिडल हा गिटारवादकही काळाच. 1930 मध्ये जिमी रॉजर्स या गोऱ्या गायकाच्या एका मुद्रणात ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँग या काळ्या जॅझ वादकाचा आहे. आणि 1960 च्या दशकात गायक चार्ली प्राइडच्या सुरुवातीच्या तबकड्या रेडिओ केंद्रांकडे त्याच्या फोटोशिवाय गेल्या, कारण तो काळा आहे हे कळण्याआधी लोकांनी आवाज ऐकावा अशी कंपनीची इच्छा होती. 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलाकार तोच ठरला.

हे आपल्याला नवीन वाटू नये. लावणीचं काय झालं? तमाशापटांनी नऊवारी, घुंगरू आणि पाटलाचा फेटा एवढंच ठसवलं. बैठकीची लावणी, सवाल-जवाबातली भेदिक लावणी पडद्याआड राहिली. ज्या होनाजीच्या लावण्या गाजल्या त्याचीच भूपाळी पहाटे घराघरांत देवापुढे ऐकली जाते, आणि तिथे कुणाला तमाशा आठवत नाही. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आणि ढोलकीचा फड दोन्ही रुजले, तिथल्या कानाला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

आता वाद्यांकडे येतो, कारण बचाव करायचा तर तो कानाने करावा.

बँजो म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूक आणि बेंजो पार्टी येते. ते वाद्य वेगळं. टाइपरायटरसारख्या बटणांचं आपलं बेंजो जपानच्या ताइशोगोतोच्या घराण्यातलं. अमेरिकन पाचतारी बँजोला चामड्याचा गोल आणि लांब गळा असतो, आणि त्याची पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी गळ्याच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी बसवलेली असते. अंगठा ही तार पुन्हा पुन्हा त्याच उंच सुरात छेडतो. सतारीची चिकारी कानात असेल तर हे काम लगेच कळेल. पूर्वी गोलावर खरं चामडं असायचं आणि दमट हवेत ते सैल पडून आवाज बसायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हलगी शेकतात त्याचंही कारण तेच. आता बहुतेक बँजोंच्या गोलावर प्लास्टिक असतं.

पण या संगीतातलं माझ्या मते सगळ्यात मोठं वाद्य पेडल स्टील. लोक ज्याला ‘रडका आवाज’ म्हणून हसतात ते हेच. दहा तारांची आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी दांडी, पायाखाली साधारण तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच दांडे. ई-नाइन पद्धतीत लावलेल्या वाद्यावर सा-ग-प वाजत असताना एक पेडल पंचमाची तार पूर्ण स्वर चढवून धैवतावर नेतं, दुसरं गंधाराची तार अर्धा स्वर चढवून मध्यमावर नेतं. षड्ज मात्र जागचा हलत नाही. घरात पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबा. एक तशीच धरून तीनवरून चारवर आणि पाचवरून सहावर जा. पेटीवर उडी पडते. पेडल स्टीलवर तीच वाट घसरत, मधला प्रत्येक बिंदू ओलांडत जाते. मींड आपल्यालाही माहीत आहे, पण आपल्या मींडेत एक स्वर वाहतो. इथे एक स्वर पाय रोवून उभा आणि दुसरे दोन त्याच्यापासून हळूहळू दूर सरकतात. विरहाच्या गाण्यात हे वाद्य का येतं ते या एका हालचालीत ऐकू येतं.

कीबोर्डवर ‘कंट्री’चा आवाज लावून शेजारचं चाक फिरवलं की लोकांना तेच वाटतं. तसं नाही. चाक सगळे स्वर एकदम सरकवतं, षड्जही. म्हणून नक्कल भोंगळ लागते, आणि दोष संगीताच्या माथी बसतो.

“तीनच कॉर्डचं गाणं, त्यात काय?” हाही नेहमीचा आक्षेप. कॉर्ड म्हणजे सा-ग-पसारखे एकत्र वाजणारे स्वर. कॉर्ड थोडे हे खरं. पण ते कसे लिहितात ते पाहा. नॅशव्हिलच्या स्टुडिओत 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून आकड्यांची पद्धत रुजली. पट्टीचं नाव न लिहिता पहिल्या स्वरावरचा कॉर्ड 1, मध्यमावरचा 4, पंचमावरचा 5. प्रत्येक आकडा म्हणजे एक माप, ठेक्याचं एक छोटं आवर्तन. एका मापात दोन कॉर्ड असतील तर दोन आकडे लिहून त्यांच्याखाली रेघ. कॉर्ड मायनर, म्हणजे उदास छटेचा, असेल तर आकड्यापुढे आडवी खूण. म्हणजे 1 1 4 1, 1 1 5 5 असा कागद समोर आला की गायिका काळी चारमध्ये गाते की पांढरी दोनमध्ये, वादकाला फरक पडत नाही. आपल्या सरगमचाच हा विचार: सा कुठेही धरा, नातं तेच.

इंटरनेटवरून जी-सी-डी अशी कॉर्डची नावं उतरवून वाजवणारी पोरं इथेच अडकतात. गाणाऱ्याचा आवाज त्या पट्टीत बसत नाही, मग गाणंच वाईट ठरतं. आकडे लिहा आणि कॅपो, म्हणजे गिटारच्या गळ्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, वापरा. दुसऱ्या पडद्यावर लावला की जीचा ए होतो. कॅपो पडद्याच्या धातूच्या कांबीला लागून मागे बसवा, कांबीवर किंवा घराच्या मध्यभागी नको. फार आवळला तर तारा चढतात, म्हणून लावल्यावर सूर एकदा तपासाच.

ठेक्याचा एक प्रयोग सांगतो. गायक जॉनी कॅशबरोबर सुरुवातीला ड्रम नव्हता, आणि त्या काळी ऑप्रीच्या मंचावर ड्रम चालतही नसत. त्याने गिटारच्या तारांत कागद अडकवला. साध्या कागदाची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची घडी करून, गळा संपून भोक सुरू होतं तिथे एका तारेवरून, दुसरीखालून अशी ओवा. आता खर्जाची तार एकदा आणि वरच्या तारा दोनदा झपाट्याने. आगगाडीची खडखड ऐकू येते. घडी जाड झाली तर तारा मुक्या होतात. पातळ ठेवा.

“नाकात गातात” या तक्रारीत मात्र अर्धा गुन्हेगार मोबाइल आहे. कंट्रीच्या गाण्याचा पाया उभा बास. तो सा-प, सा-प असा चालतो आणि त्याची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून हा खर्ज येतच नाही. उरतं काय? फिडल, बँजो आणि आवाजातला टोकदारपणा. हेडफोन लावा, तोच आवाज जमिनीवर उभा राहिलेला ऐकाल.

माध्यमं आवड कशी ठरवतात याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा 1991 चा आहे. तोपर्यंत बिलबोर्डची अल्बमची यादी दुकानदारांना विचारून बनत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला लागले आणि कंट्रीचे अल्बम झपाट्याने वर आले. सप्टेंबरमध्ये कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचा अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर. लोक आधीही विकत घेतच होते, फक्त सांगणाऱ्यांच्या तोंडी ते येत नव्हतं.

रेडिओचा हात याहून जड. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे सांगितलं की कंट्रीच्या सॅलडमध्ये पुरुष गायक ही पानं आणि गायिका म्हणजे टोमॅटो, थोडेच घालावेत. आणि मग लोक म्हणतात, कंट्री म्हणजे पुरुषांचं, ट्रक आणि बिअरचं गाणं. 2010 नंतर तसं गाणं ढिगाने आलं आणि त्यातलं बरंचसं टाकाऊ आहे, हे मी मान्य करतो. पण 1952 मध्ये किटी वेल्सने बाईलाच दोष देणाऱ्या गाण्याला उत्तर दिलं, काही केंद्रांनी ते बंद केलं आणि तरी ती कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. 1975 मध्ये लोरेटा लिन संततिनियमनाच्या गोळीवर गायली, तेव्हाही अनेक केंद्रांनी गाणं वाजवलं नाही. ही गाणी त्याच परंपरेतली आहेत, बाहेरची नव्हेत.

ऐकायला सुरुवात करायची तर ॲपचं आपोआप पुढचं गाणं लावणं आधी बंद करा. स्पॉटिफाय तीस सेकंदांनंतर गाणं ऐकलं असं धरतं, त्यामुळे स्टीलची निवांत सुरुवात असलेली गाणी मागे पडतात. एका आठवड्यात एकच कलाकार घ्या. एकदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा फक्त स्टील, तिसऱ्यांदा शब्द. पहिल्यांदा पॅट्सी क्लाइनची 1961 च्या आसपासची मुद्रणं, ज्यात व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आहे. मग मर्ल हॅगार्ड, टेलिकास्टर गिटारच्या धारदार आवाजाचा. त्याचे आईवडील ओक्लाहोमा सोडून कामासाठी कॅलिफोर्नियात गेले, आणि 1937 मध्ये जन्मलेला हा मुलगा आगगाडीच्या डब्याच्या केलेल्या घरात वाढला. दरवर्षी ऊसतोडीला बीडहून येणाऱ्या टोळ्यांच्या खोपी शिरोळ-कागलच्या शिवारात ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हॅगार्डच्या गाण्यातलं घर कुठलं ते विचारावं लागणार नाही.