लेक घरी आली, झोप मागाहून आली

संस्थेतून दत्तक घेतलेली आमची लेक दिवसभर शहाण्यासारखी वागायची. दिलं ते खायची, सांगितलं तिथे बसायची, हाक मारली की लगेच यायची. दिवा मालवायची वेळ झाली की मात्र तहान लागायची, शू लागायची, पाय दुखायचे, चादर टोचायची. पाठ टेकली तरी डोळे टक्क उघडे. चार वर्षांच्या त्या पोरीची ओळखीची सगळी माणसं एका दिवसात सुटली होती. आता पुन्हा डोळे मिटायचे तर राखण कुणी करायची?

"रडू द्या थोडं, लागेल सवय," हा सल्ला घरोघरी मिळतो. रडलं की कुणीतरी येतं, हा भरवसा ज्या बाळाला आधीच बसलाय त्याच्या बाबतीत तो चालतही असेल. आमच्याकडे भरवसा बसायचाच होता. दार लावून रडू दिलं असतं तर ती गप्प झाली असती, पण तिला भीती वाटायची थांबली असती असं मला वाटत नाही.

समुपदेशक ताईंनी एकच विचारलं, "तिथे ती कशी झोपायची?" मी संस्थेतल्या मावशींना फोन लावला. मोठी खोली, शेजारी शेजारी गाद्या, रात्रभर मिणमिणता दिवा, कुणाचं खोकणं, कुणाचं कण्हणं. आम्ही हौसेने सजवलेली खोली अंधारी, निवांत आणि तिच्या एकटीची! त्याच रात्री तिची गादी आमच्या पलंगाला लावून टाकली, छोटा दिवा चालू ठेवला. तिच्याबरोबर आलेलं विटकं पांघरूण धुवायला निघालेल्या सासूबाईंना थांबवलं. त्याचा वास हीच त्या घरात तिच्या ओळखीची एकमेव गोष्ट होती. झोपवायचं काम सुरुवातीला फक्त आम्ही दोघांनीच करायचं, असंही ठरलं. सासूबाईंना ते जरा लागलं.

थोपटलेलं तिला चालत नसे, अंग चोरायची. मग मी नुसता हात गादीच्या कडेला ठेवून पडायचे. बऱ्याच वेळाने पायाचा अंगठा हळूच मनगटाला लागायचा, लगेच मागे जायचा. मी आहे ना, एवढंच बघायची. मी हलायचे नाही.

ती झोपल्यावर गुपचूप सटकायचं नाही, हा नियम मी कसोशीने पाळला. "तू झोपलीस की मी स्वयंपाकघरात असेन, भांड्यांचा आवाज येईल," असं आधीच सांगायचे आणि खरोखरच मुद्दाम भांडी वाजवायचे. नवरा म्हणायचा, शेजारचे तक्रार करतील.

झोप लागून तास-दोन तास झाले की कधी कधी ती किंचाळत उठायची. डोळे उघडे, पण मला ओळखायची नाही, ढकलून द्यायची. मी हादरले होते. डॉक्टर म्हणाले, याला नाइट टेरर म्हणतात. गाढ झोपेतला प्रकार, बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. हलवून जागं करू नका, लागणार नाही एवढं बघा, सकाळी तिला आठवणारही नाही. वाईट स्वप्नं बहुतेक पहाटेकडे पडतात, त्यातून मूल जागं होतं, त्याला जवळ घ्यावं लागतं. हा फरक कळल्यावर माझं निम्मं दडपण उतरलं. झोप अपुरी असली की हे प्रकार वाढतात, हेही कळलं. या वयाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी. आमची त्याच्या जवळपासही नव्हती. मग रात्रीची वेळच अलीकडे आणली आणि रोज तोच क्रम ठेवला: अंघोळ, गोष्ट, दिवा. गोष्टही रोज तीच, कारण तिला पुढचं आधी माहीत असलेलं आवडायचं.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. संस्थेच्या ताई पाहणीसाठी येऊन गेल्या की पुढच्या काही रात्री पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आपल्याला परत न्यायला आल्या असं तिला वाटत असणार. आता त्या यायच्या आधीच सांगते, "ताई येतील, बोलतील आणि जातील. तू इथेच."

हल्ली गोष्ट संपायच्या आत घोरायला लागते. नातेवाईक विचारतात, स्वतःच्या खोलीत कधी झोपणार? ती म्हणेल तेव्हा. तोवर त्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवतोय.