टेक-होम डोसचा अर्ज आणि काउंटरवरचे साहेब: माझा अनुभव

आधीच सांगते, माझा भाऊ एका व्यसनमुक्ती केंद्रात गोळ्या घेतो. तिथले डॉक्टर चांगले होते, सिस्टर तर त्याहून चांगल्या, औषध फुकट मिळतं. माझा सगळा राग एका काउंटरवर आणि गोळ्या घरी न्यायच्या परवानगीसाठी मागितलेल्या एका कागदावर आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण भाऊ अजून तिथेच जातो.

धाकटा भाऊ ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, घ्यायचा. आधी फॉइलवर ओढून, मग सुईने. आम्ही गोव्यात डिचोलीकडचे. लोकांना वाटतं हे सगळं हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर, फॉरेनर आणि पार्ट्यांमध्येच चालतं, इकडे देवळं, भजनं आणि चवथ (गणेश चतुर्थी) एवढंच. असो. प्रायव्हेट रिहॅबमध्ये ठेवून झालं होतं. तिथून बाहेर आला, छान जाडा होऊन आला, आणि एक दिवस पूर्वीइतकाच डोस मारला. काही काळ बंद ठेवलं की शरीराची सवय उतरते आणि जुनं प्रमाण मग जीव घेऊ शकतं, हे रिहॅबमधून सोडताना आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. ओठ निळे, श्वास घोरल्यासारखा आणि मध्येच बंद. 108 ला फोन केला, कॅज्युअल्टीत नॅलोक्सोनचं, म्हणजे ब्राऊनचा असर उलटवणारं, इंजेक्शन दिलं, तो उठून बसला आणि घरी जाऊया म्हणायला लागला. नेऊ नका. नॅलोक्सोनचा असर साधारण तास-दीड तासात उतरतो आणि आतली ब्राऊन तेव्हाही शिल्लक असू शकते, त्यामुळे देखरेखीखाली थांबायलाच लागतं.

तिथल्याच एका डॉक्टरनी ओएसटीचं (ओपिऑइड सबस्टिट्यूशन थेरपी, ब्राऊनऐवजी औषध देण्याचे उपचार) नाव काढलं. म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, जिभेखाली ठेवायची, रोज. ती मेंदूत जिथे ब्राऊन चिकटते तिथेच चिकटते पण अर्धवट काम करते, एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी असर त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडायचा धोका कमी. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, होत नाही, माणूस कामाला जातो, सुई लागत नाही. सुया वाटून घेण्यातून एचआयव्ही आणि हेपटायटिस सी पसरतो म्हणून आपल्या सरकारच्या एड्स कार्यक्रमातही हे उपचार आहेत, तरी आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. काकांचं वाक्य ठरलेलं: "एक नशा सोडून दुसरी, त्यात काय मोठं?" मी म्हटलं काका, मोठं हे की तो जिवंत आहे.

आईची भीती वेगळी. नाव नोंदवलं की पोलीस घरी येणार. मग मी बसून वाचलं. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा 1985 चा, त्यात कलम 64ए आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे 5 ग्रॅमपर्यंत. आईला तेवढं वाचून दाखवलं, तिने डोळे पुसले आणि चहा टाकला. आणि एक, पोर्तुगालने 2001 पासून स्वतःपुरतं जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हाच ठेवलेला नाही, तिथे माणसाला कोर्टाऐवजी एका समितीपुढे नेतात. आमच्या गोव्यातले अर्धे लोक पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे लिस्बनला पळतात, तिकडचा हा कायदा मात्र कोणी घेऊन येत नाही.

नोंदणी, तपासण्या, काउन्सेलिंग सगळं भराभर झालं. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच घ्यायची असते हे मात्र घट्ट लक्षात ठेवा, शेवटच्या ब्राऊननंतर साधारण 12 ते 24 तास, नाहीतर गोळीनेच एकदम जोरात टर्की येते आणि माणूस म्हणतो हे औषधच वाईट. हेपटायटिस सी पॉझिटिव्ह निघाला, त्याच्या गोळ्याही सरकारी कार्यक्रमातून फुकट, 12 आठवडे घेतल्या, नंतरचा रिपोर्ट क्लीन. त्यावर लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

डोस रोज केंद्रात, सिस्टरच्या समोर. गोळी कुटून जिभेखाली, विरघळेपर्यंत बसायचं, तोंड उघडून दाखवायचं, सही. सुरुवातीला हे ठीकच आहे, मला मान्य आहे, नाहीतर गोळ्या बाहेर विकल्या जातात. पण वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. आणि भावाला थिवीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम मिळालं, जनरल शिफ्ट, आठला पंच. म्हणजे बरा होऊन कामाला लागायचं तर डोस चुकणार आणि डोस घ्यायचा तर काम जाणार. पहिले काही दिवस तो सुपरवायझरला दात दुखतात सांगून यायचा. कुणाचे दात रोज दुखतात?

डॉक्टर म्हणाले, स्टेबल आहे, लघवीच्या तपासण्या क्लीन आहेत, टेक-होम देऊया, आठवड्याच्या गोळ्या घरी. काउंटरवर अर्ज द्या. मला वाटलं झालं काम.

काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले कंपनीचं पत्र लागेल. कसलं पत्र? तर कंपनीने आमच्या केंद्राच्या नावे लिहून द्यायचं की हा आमच्याकडे अमुक वेळेत कामाला आहे आणि रोज येऊ शकत नाही. मी म्हटलं साहेब, केंद्राच्या नावात व्यसनमुक्ती आहे, ते पत्र मागायला हा एचआरकडे गेला तर दुसऱ्या दिवशी नोकरीच राहणार नाही, मग टेक-होम कशाला हवं. ते म्हणाले नियम आहे. कुठला? "नियम म्हणजे नियम. फाल्यां यो गो बाय, मोठे साहेब आले की बघूया." फाल्यां म्हणजे उद्या.

फाल्यां गेले तर मोठे साहेब मीटिंगला पणजीला. पुन्हा गेले तर काउन्सेलरचा शेरा नाही आणि काउन्सेलर रजेवर. शेरा मिळाला तर म्हणे पालकांची संमती पाहिजे, भाऊ तिशीच्या पुढचा आहे हो, आणि तरी आईला डिचोलीहून म्हापशाला आणि म्हापशाला बस बदलून केंद्रात आणलं, गुडघे धरून बसली बिचारी बाकावर, तिची सही झाली तर परत कंपनीचं पत्र कुठे आहे. प्रत्येक वेळी मी अर्धा दिवस रजा टाकून. प्रत्येक वेळी ते साहेब मला पहिल्यांदाच बघतायत असे बघायचे. आणि मागे रांगेत पोरं उभी, कुणी रिक्षावाला, कुणी बोटीवर जाणारा, सगळे आपापली हजेरी बुडवून. एक जण हळूच म्हणाला, ताई, मी तर ह्याच्यापायी सोडून परत मारायला लागलो होतो. ते ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. ब्राऊन विकणारा कधी कंपनीचं पत्र मागत नाही.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्हींचा मला अभिमान आहे. एक, भावाला सांगितलं एचआरकडून साधं ड्युटी सर्टिफिकेट घे, बँकेत खातं उघडायचंय म्हणून. त्यात कुणाच्याच नावे काही नसतं, फक्त हुद्दा आणि वेळ. ते त्याच दिवशी मिळालं. दोन, ते जोडून नवीन अर्ज लिहिला आणि शेवटी टाकलं की टेक-होमसाठी मालकाने केंद्राला उद्देशून लिहिलेलं पत्र बंधनकारक असेल तर तसा नियम कृपया लेखी कळवावा. झेरॉक्सवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का मागितला. शिक्का मारताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, हे पत्र कोण मागतं? मी काउंटरकडे बोट केलं. असला काही नियमच नव्हता! त्यांनी सही केली, पाच मिनिटंही लागली नाहीत. मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये रडले आणि मग भूक लागली म्हणून दोन प्लेट भाजीपाव खाल्ले.

टेक-होमला गोळी बदलतात, आमच्याकडे नॅलोक्सोन मिसळलेली दिली. जिभेखाली नॅलोक्सोन फारसं शोषलं जात नाही पण कोणी विरघळवून टोचली तर तेच उलटं लागून टर्की आणतं, त्यामुळे विकायचा मोह कमी. कुलूपवाला डबा घ्या, घरात लहान मूल असेल तर आधी डबा मग गोळ्या, मुलाच्या पोटात एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं.

हां, दात. दुखतात म्हणून खोटं सांगायचा तर खरंच बिघडायला लागले. ह्या गोळीने दात किडू शकतात. पूर्ण विरघळल्यावर पाणी तोंडात घोळवून गिळायचं आणि ब्रश तासाभराने करायचा, लगेच नाही.

दारू आणि झोपेच्या गोळ्या ह्याच्याबरोबर अजिबात नाही. हे गोव्यात सांगायला लागतं कारण इथे बाटली पाण्यापेक्षा सहज मिळते आणि लग्नात आग्रह करणारे मामा असतात. ओएसटीवर असताना झालेल्या गडबडीत बहुतेक वेळा हे दुसरंच काहीतरी मिसळलेलं असतं असं सिस्टर म्हणाल्या. आणि चवथीच्या आधी केंद्र कधी बंद आहे ते विचारून ठेवा, बोर्डावर लावत नाहीत.

गोळी कधी बंद होणार, हे काका दर रविवारी विचारतात. भाऊच आता उत्तर देतो, डॉक्टर सांगतील तेव्हा. डोस थोडा कमी झालाय, घाई नाही. कंपनीत कायम केलंय त्याला. परवा केंद्रात गेलो तर काउंटरवर एका बाईंना तेच पत्र मागत होते, मी पर्समधून माझ्या अर्जाची झेरॉक्स काढून त्या बाईंच्या हातात दिली. अर्ज मी नावं काढून टाइप करून ठेवलाय, कोणाला हवा असेल तर सांगा, पाठवते. इनवर्डचा शिक्का मात्र विसरू नका.