इजिप्तची पत्रिका तासांत वाचताना

सोमवार

'इजिप्त, 8 दिवस 7 रात्री.' सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या डोक्यावर छापलेल्या या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही. पहिला दिवस कैरो गाठण्यात जातो. मुंबईहून थेट विमान मिळालं तर साधारण सहा तास, आखातात विमान बदललं तर त्याच्या जवळपास दुप्पट. शेवटचा दिवस म्हणजे नाश्ता, बॅगा आणि विमानतळ. मध्ये कैरोहून अस्वानला जाणारं आणि लक्सरहून परत आणणारं अशी दोन विमानं. उड्डाण जेमतेम तास-सव्वा तासाचं, पण विमानतळावर लवकर पोचणं, बॅगा, बस असं सगळं धरलं की अर्धा दिवस संपलाच. म्हणून दोन कंपन्यांच्या पत्रिका शेजारी ठेवून दिवस मोजण्यात अर्थ नाही. एका कागदावर तास मांडायचे: उठायचं किती वाजता, बसमध्ये किती वेळ, जागेवर किती वेळ, दुकानांत किती वेळ. मग स्वस्त सहल स्वस्त का, ते आपोआप दिसतं.

दुकानांचे तास पत्रिकेत दुकान म्हणून लिहिलेले नसतात. 'पपायरस इन्स्टिट्यूटला भेट', 'सुगंधी तेलांचं प्रात्यक्षिक', 'अलाबास्टर कारखाना' अशी नावं असतात. प्रत्येक ठिकाणी पाऊण-एक तास जातो, चहा फुकट मिळतो आणि विक्रीवर कमिशन ठरलेलं असतं. एखादं चालेल. गिझाच्या दिवशी तिन्ही असतील, तर पिरॅमिडपाशी तुम्हाला दीड तासच मिळणार, हे लिहून ठेवा.

ऋतूबद्दल. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, म्हणून आपल्याकडे मेच्या सहली निघतात आणि दरही कमी दिसतो. तो कमी असण्याचं कारण लक्सर-अस्वानचं ऊन. तिथे मेमध्ये पारा सर्रास चाळिशीपार जातो आणि लक्सरजवळच्या राजांच्या दरीत, म्हणजे जिथे जुन्या राजांची थडगी आहेत तिथे, झाडाचं पान नाही. नुसता तापलेला चुनखडक. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी त्यात चपखल बसते, फक्त नाईलवरच्या मुक्कामी बोटींचे दर तेव्हा चढलेले असतात आणि चांगल्या बोटी लवकर भरतात. डिसेंबर-जानेवारीत कैरोची पहाट दहा अंशांच्या आसपास असते, बोटीच्या डेकवर वारं झोंबतं. शालीने भागत नाही, जाकीट लागतं. मार्च-एप्रिलमध्ये खमसीन नावाचा वाळूचा गरम वारा सुटतो. तो कुठल्या दिवशी येईल याचा नेम नाही, आणि आला की पिरॅमिड समोर असूनही पिवळट धुरकट दिसतात.

रमजानची तारीख आधी बघायची. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल. त्या महिन्यात बोटीवर जेवणखाण नेहमीसारखंच चालतं, पण बरीच स्मारकं आणि संग्रहालयं लवकर बंद होतात. दुपारनंतरचं दर्शन पत्रिकेत तसंच छापलेलं असेल, तर कंपनीने गेल्या वर्षीचा कागद पुढे ढकललाय, एवढं समजून घ्यायचं.

मंगळवार

आज फक्त बोट.

नाईलची बोट म्हणजे लक्सर ते अस्वान, किंवा उलट. लक्सरहून निघाली तर बहुधा चार रात्री, अस्वानहून निघाली तर तीन. तीन रात्रींची ऐकून वाटतं, तीन दिवस नदीतून जायचं. प्रत्यक्षात पहिली रात्र बोट अस्वानच्या धक्क्याला बांधलेली असते आणि शेवटची लक्सरच्या. चालते ती मधला जेमतेम दीड दिवस. वाटेत संध्याकाळी कोम ओम्बोचं देऊळ, सकाळी एडफूचं, मग इस्नाचं लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करणारा दारांचा हौद.

धक्क्यावर बोटी एसटी स्टँडवर गाड्या लागाव्यात तशा एकीला एक खेटून लावतात. किनाऱ्यावर उतरायचं तर दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या बोटीच्या लॉबीतून चालत जायचं. त्यामुळे 'नदीकडची खोली' असं पैसे भरून घेतलं, तरी बांधलेल्या रात्री खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या बोटीची खिडकी आणि तिचा पडदा. इंजिनाचा धूर आणि आवाज वेगळाच. यावर उपाय नाही, पण सर्वांत खालच्या मजल्याची खोली टाळता येते. तिची खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते आणि जनरेटर जवळ. बुकिंगच्या वेळीच 'मधला किंवा वरचा मजला' असं ईमेलवर लिहून घ्यायचं. टूर मॅनेजरला तिथे पोचल्यावर सांगून काही होत नाही, चाव्या आधीच वाटलेल्या असतात.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचारायचा प्रश्न एकच: लिफ्ट आहे का? बऱ्याच बोटींत नसते. जेवणघर तळाला, डेक माथ्यावर, दिवसातून पाच-सहा वेळा जिने. बोटीवरून उतरायला फळी आणि पुढे काठाच्या पायऱ्या असतात. नदीची पातळी खाली असेल तर पायऱ्या वाढतात.

एडफूला धक्क्यापासून देवळापर्यंत घोडागाडीने नेण्याची प्रथा आहे. घोड्यांचे हाल बघवत नाहीत आणि उतरताना गाडीवाला ठरलेल्यापेक्षा जास्त मागतोच. गटासाठी मोटार मागून घ्यावी, मिळते. होरस देवाचं हे देऊळ इ.स.पू. 237 ते 57 असं तब्बल 180 वर्षं बांधलं जात होतं आणि इजिप्तमधल्या सर्वांत धडधाकट राहिलेल्या देवळांत त्याची गणना होते. त्यामुळे सहाच्या सुमारास, गर्दीच्या आधी उतरवणारी बोट चांगली.

इस्नाला पाण्याच्या पातळीतला फरक ओलांडायला बोटी लॉकमध्ये घेतात. एका वेळी मोजक्याच मावतात, त्यामुळे रांग लागते. कधी तास, कधी तीन-चार. लक्सरला पोचण्याची वेळ इथेच चुकते आणि मग लक्सरच्या देवळाला कात्री लागते. रांगेत असताना छोट्या होड्यांतले विक्रेते प्लास्टिकच्या पिशवीत शाली आणि झगे घालून थेट वरच्या डेकवर फेकतात. आवडलं नाही तर पिशवी परत खाली टाकायची, आवडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून. भाव पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शावर येईपर्यंत थांबायला हरकत नाही. बोट कुठे जात नसते.

गुरुवार

अबू सिंबेल पत्रिकेत 'ऐच्छिक' असेल तर ते पैसे पॅकेजच्या किमतीत आत्ताच मिळवून बघायचे. अस्वानपासून साधारण 280 किलोमीटर, बसने एका बाजूला साडेतीन तास. पहाटे चारच्या आसपास निघायचं, नाश्ता डब्यात, वाटेत वाळवंट आणि एखाद-दुसरा थांबा. जागेवर दोन तास, दुपारच्या जेवणाला बोटीवर परत. अस्वानहून विमानानेही जाता येतं. तो खर्च ज्यांची पाठ दुखते त्यांनी करावा, बाकीच्यांनी बसमध्ये झोपावं. पण हा फेरा टाळू नये. दुसऱ्या रामसेस राजाचे वीस मीटर उंचीचे चार पुतळे आणि मागचं अख्खं डोंगरातलं देऊळ 1964 ते 1968 या काळात तुकडे करून सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं, कारण अस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढत होतं. 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात जातात. त्या तारखा मुद्दाम विकल्या जातात. गर्दीत उभं राहायची तयारी असेल तरच घ्या.

बोट धरायची त्याच दिवशी अबू सिंबेल असेल, तर कैरोहून आदल्या रात्री अस्वानला मुक्काम पाहिजे. काही पत्रिकांत मध्यरात्रीचं विमान, उतरल्याबरोबर बस, दुपारी बोट, संध्याकाळी फिले (अस्वानजवळच्या बेटावरचं देऊळ) असं एका दमात लिहिलेलं असतं. सत्तरीच्या माणसाला हे झेपत नाही. तरुणांनाही फिलेच्या होडीत डुलक्या लागतात.

आता संग्रहालयं, कारण जुने कागद इथे हमखास उघडे पडतात. तुतानखामुन राजाचा सोन्याचा मुखवटा आणि त्याच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू आता गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. ते नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्णपणे उघडलं. राजांच्या ममी एप्रिल 2021 मध्ये मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात गेल्या. तहरीर चौकातलं 1902 चं जुनं संग्रहालय चालू आहे, सुंदरही आहे, पण तिथे मुखवटा नाही आणि या राजममीही नाहीत. खुद्द तुतानखामुनची ममी कैरोत नाहीच, ती लक्सरला त्याच्या थडग्यात आहे. पत्रिकेत नुसतं 'इजिप्शियन म्युझियम' लिहिलं असेल तर कोणतं ते नावानिशी विचारायचं. ग्रँड म्युझियमला चार तास तरी हवेत. दोन तासांत फक्त मोठा जिना आणि मुखवट्यासमोरची गर्दी होते.

राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तुतानखामुन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस (दोघांचं थडगं एकच) यांची तिकिटं वेगळी. एकच जास्तीचं घ्यायचं तर पाचव्या-सहाव्या रामसेसचं: छतावर आकाशदेवी नूत लांबच लांब पसरलेली, रंग शाबूत. सेतीचं सर्वांत भारी आणि सर्वांत महागही. तुतानखामुनचं थडगं लहान आहे, त्यात ममी बघायची म्हणून जायचं. थडग्यांच्या आत गाइड बोलत नाहीत, त्यांना परवानगी नसते. ते बाहेर चित्रं दाखवून समजावतात. ते दहा मिनिटं ऐकलं नाही, तर आत नुसत्या रंगवलेल्या भिंती दिसतात.

गिझाच्या सर्वांत मोठ्या, खुफूच्या पिरॅमिडच्या आत जाण्याचं तिकीटही वेगळं. चढता बोगदा इतका ठेंगणा की कंबरेत वाकून चढावं लागतं, हवा कोंदट, आणि वर एक रिकामी खोली. दमा, रक्तदाब, गुडघे यांपैकी काही असेल तर बाहेरून प्रदक्षिणा बरी.

शनिवार

व्हिसाचे दोन मार्ग. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध आणि एकदा वापरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल, तर कैरोला उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. बाकीच्यांनी आधीच काढायचा. नवरा-बायकोपैकी एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आणि दुसऱ्याकडे नाही, असं असलं तर दोघांचेही आधीच काढलेले बरे. अर्जाच्या वेळी नियम पुन्हा तपासायचे. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली हवी. पिवळ्या तापाच्या लशीची चिंता बरेच जण करतात. आफ्रिका म्हटलं की पूर्व आफ्रिकेची सफारी डोळ्यांसमोर येते. भारतातून सरळ इजिप्तला जाऊन सरळ परतलं तर ती लस लागत नाही. त्याच सहलीला केनिया जोडलं तर लागते.

पॅकेजच्या किमतीवर जीएसटी आणि टीसीएस (कंपनीने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर) दोन्ही येतात. टीसीएस हा खर्च नाही. तो पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. त्याचा दर बजेटमध्ये बदलत राहतो, म्हणून शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी भरलेला आकडा धरू नये. पावती प्रवाशाच्याच पॅनवर पाहिजे. मुलाने आई-वडिलांचे पैसे भरले की इथे घोळ होतो.

बहुतेक स्मारकांच्या तिकीट खिडक्या रोख घेत नाहीत, फक्त कार्ड. ऐच्छिक थडग्यांचं तिकीट तिथेच काढायचं असतं, म्हणून व्हिसा किंवा मास्टरकार्डवर परदेशी व्यवहार भारतातच चालू करून निघायचं. ओटीपी येणारा फोन नंबर तिथे बंद असला की कार्ड असून उपयोग नाही. रोखीत डॉलर न्या, नोटा कोऱ्या, शाई न लागलेल्या. रुपये तिथे बदलत नाहीत. इजिप्शियन पौंड थोडेथोडे घ्यायचे, कारण उरलेले इकडे कोणी घेत नाही. पाच, दहा, वीसच्या नोटा मात्र भरपूर हव्यात: स्वच्छतागृहाबाहेरचा माणूस, बॅगा उचलणारा, न विचारता फोटोचा कोपरा दाखवणारा पहारेकरी, सगळे बक्षिसी मागतात. बोटीच्या आणि गाइडच्या टिपा पॅकेजमध्ये आहेत की दरडोई दररोज वेगळ्या, हे करारात लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

उंटावर बसायचं ठरवलं तर भाव 'बसणे, फिरणे आणि उतरणे' असा एकत्र ठरवायचा. उतरण्याचे वेगळे पैसे वर बसल्यावर सांगितले जातात. ड्रोन घरी ठेवा, विमानतळावरच काढून घेतात.

रविवार

शाकाहारींचं पोट भरतं, घाबरायचं कारण नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर आंबटतिखट टोमॅटोचा रस्सा आणि तळलेला कुरकुरीत कांदा. फूल म्हणजे शिजवलेला बाकला (फावा बीन), तामेया त्याच बाकल्याचे वडे. सोबत आइश बलदी ही तिथली रोटी, ताहिनी ही तिळाची चटणी, लोणचं. चुकतं ते रश्शांत. मुलुखिया ही हिरवी पातळ भाजी दिसायला निरागस, पण बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असते. मसुराच्या सूपचंही कधीकधी तसंच. 'मांस नको' म्हटलं तर वाढपी कोंबडी मांसात धरत नाही, म्हणून दोन्हीचं नाव घ्यायचं. त्याहून सोपं म्हणजे 'सियामी' मागायचं. हे कॉप्टिक ख्रिश्चनांचं उपासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. त्यांच्या काही उपासांना मासे चालतात, तेवढं मात्र विचारून घ्यावं.

जी6पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना बाकला वर्ज्य आहे, रक्तपेशी फुटतात. सहलीत मुलं असतील आणि डॉक्टरांनी हे निदान सांगितलेलं असेल, तर फूल आणि तामेया दोन्ही त्यांच्या ताटात नको.

गोळ्यांच्या पेटीत ट्रामाडॉल शोधायचं. गुडघे-पाठदुखीच्या मिश्र गोळ्यांत ते असतं आणि पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. इजिप्तमध्ये ते कडक नियंत्रणाखाली आहे, जवळ सापडल्यामुळे पर्यटक तुरुंगात गेलेले आहेत. डॉक्टरांकडून पर्यायी गोळी निघायच्या दोन आठवडे आधी लिहून घ्यावी, म्हणजे ती सोसते का तेही इथेच कळतं.

चार्जरची बारीक दोन पिन तिथे बसते, आपली तीन पिनांची बसत नाही. रात्री सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र) लावणाऱ्यांनी अ‍ॅडॉप्टर आणि तीनेक मीटरची वायर दोन्ही घ्यावं. बोटीच्या खोलीतला सॉकेट हमखास पलंगापासून दूर, आरशाखाली असतो.