दिवंगत सम्राटांच्या नावाची चांदी : सारणीची प्रगती

पाचव्या आणि सहाव्या शतकांतील पश्चिम युरोप व उत्तर आफ्रिकेच्या चांदीच्या नाण्यांपैकी ज्यांच्यावर हयात नसलेल्या रोमन सम्राटाचे नाव आहे, अशा नाण्यांची स्वतंत्र सारणी करण्याचे काम मी गेल्या वर्षाअखेरीस हाती घेतले होते. ती सारणी आता इतरांसमोर ठेवण्याजोगी झाली आहे. पश्चिमेत सन ४१० च्या सुमारानंतर चांदी फारच थोडी पाडली गेली. मोठे व्यवहार आणि सरकारी देणी सोन्याच्या सॉलिडसमध्ये होत, बाजारातील किरकोळ खरेदी तांब्याच्या बारीक नाण्यांवर चाले, आणि या दोहोंमध्ये चांदीला जेमतेम जागा उरली. त्यामुळे आज उपलब्ध असलेले प्रत्येक नाणे मोलाचे आहे. मात्र सम्राटाचे नाव वाचले की नाण्याचा काळ कळला, हा सर्वसाधारण नियम येथे लागू पडत नाही, आणि माझे बहुतेक काम या एकाच अडचणीभोवती फिरत आले आहे.

मराठी संग्राहकांना हा प्रकार नवा नाही. पेशव्यांच्या अमलात पाडलेल्या रुपयांवर मुघल बादशहाचे नाव असे आणि पुण्याची टांकसाळ ओळखायची ती अंकुशाच्या चिन्हावरून. कंपनी सरकारने तर शाह आलमच्या १९ व्या राज्यवर्षाचा शिक्का १८३५ पर्यंत चालू ठेवला, जरी तो बादशहा १८०६ मध्येच वारला होता. नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची असली, की खरी माहिती कोपऱ्यातील छोट्या चिन्हात सापडते, ही सवय अंगवळणी पडलेल्या माणसाला पश्चिम रोमन साम्राज्याच्या भूमीवर राज्ये स्थापणाऱ्या व्हँडल किंवा ऑस्ट्रोगॉथ या जर्मानिक लोकांची चांदी परकी वाटत नाही.

सारणीची सुरुवात मी एका रोमन नाण्यापासूनच केली आहे, कारण वजनांचा पाया तेथे आहे. माझ्या संग्रहातील हे नाणे व्हॅलेन्स या सम्राटाची सिलिक्वा आहे. सिलिक्वा हे चांदीच्या या छोट्या नाण्यांसाठी आज रूढ झालेले सोयीचे नाव आहे. मागील बाजूस ‘उर्ब्स रोमा’ असा लेख असून आसनावर बसलेल्या रोमादेवतेच्या हातात विजयदेवतेची छोटी मूर्ती आहे. खालच्या पट्टीतील ‘टी आर पी एस’ या चार अक्षरांचे, म्हणजे ट्रिअर टांकसाळीच्या चिन्हाचे, केवळ वरचे टोक उरले आहे. बाकीचा भाग कात्रीने गेला आहे. त्या काळच्या अशा अखंड नाण्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरते, तर माझे नाणे १.१ ग्रॅमचे आहे. भिंगाखाली कडेकडेने पाहिले तर एका सलग गोल कापाऐवजी एकापुढे एक दिलेले अनेक छोटे सरळ काप दिसतात. दर्शनी बाजूच्या लेखातील बहुतेक अक्षरे छाटली गेली आहेत, पण सम्राटाच्या मुखवट्याला, म्हणजे खांद्यापर्यंतच्या प्रतिमेला, कुठेही धक्का लागलेला नाही.

ही छाटणी प्रामुख्याने ब्रिटनमधली. सफक परगण्यातील हॉक्स्नी येथे नोव्हेंबर १९९२ मध्ये सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या निधीत १४ हजारांहून अधिक सिलिक्वा आहेत आणि त्यांपैकी जवळपास सर्वच कडेने छाटलेल्या आहेत. त्या निधीतील सर्वांत अलीकडची नाणी तिसऱ्या कॉन्स्टन्टाइनची, म्हणजे सन ४०७ नंतरची आहेत. रोमन सैन्य आणि त्याच्याबरोबर येणारा नव्या चांदीचा पुरवठा बंद झाल्यावर तेथील लोकांनी जुन्या नाण्यांतून चांदी काढून घेतली, तिच्यापासून काही नकला पाडल्या, आणि तरीही चेहरा जपला, कारण चेहऱ्याशिवाय ते नाणे राहिले नसते. व्हॅलेन्स ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर मारला गेला होता. त्याचा चेहरा ब्रिटनमध्ये त्यानंतर पिढीभराने चलनात होता, आणि तोही त्याच्याशी काही संबंध नसलेल्या माणसांच्या भरवशावर.

पुढचे पाऊल राजांनी टाकले. जुनी नाणी जपण्यावर न थांबता त्यांनी जुन्या नावाने नवी नाणी पाडली. स्पेनच्या वायव्य भागात राज्य करणाऱ्या सुएबी लोकांचा राजा रेकियार (४४८ ते ४५६) याची सिलिक्वा हे त्याचे विलक्षण उदाहरण आहे. दर्शनी बाजूस होनोरियस सम्राटाचे नाव आणि मुखवटा, तर मागील बाजूस ‘इउस्सु रिकियारी रेगेस’, म्हणजे राजा रेकियारच्या हुकमाने, असा लेख आहे आणि त्यासोबत ‘बी आर’ ही अक्षरे आहेत. ही अक्षरे ब्राकाराची, म्हणजे आजच्या पोर्तुगालमधील ब्रागा शहराची मानली जातात. होनोरियस ४२३ मध्येच वारला होता, त्यामुळे हे नाणे त्याच्या मृत्यूनंतर किमान २५ वर्षांनी पाडले गेले. नाण्यावर स्वतःचे नाव घालणारा पहिला जर्मानिक राजा म्हणून रेकियारचा उल्लेख होतो. ही नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात असल्याने येथे छायाचित्रांवर समाधान मानण्यावाचून पर्याय नाही. त्यांचा काळ मात्र या सारणीत सर्वांत निर्धोक आहे, कारण ४५६ च्या ऑक्टोबरात ओर्बिगो नदीकाठी विसिगॉथ या दुसऱ्या जर्मानिक लोकांनी रेकियारचा पराभव केला आणि त्याच वर्षी त्याला ठार मारण्यात आले.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराच्या चांदीचे तसे नाही. होनोरियसच्याच नावाने पाडलेल्या तेथील एका गटावर मागील बाजूस दोन्ही हातांत कणसे धरून उभी असलेली नगरदेवता आहे आणि ‘आन्नो’ या शब्दापुढे चार किंवा पाच असा वर्षांक येऊन शेवटी कार्थेजचे ‘के’ हे आद्याक्षर येते. वर्ष लिहिलेले नाणे मिळाले म्हणजे काळाचा प्रश्न सुटला असे कोणालाही वाटेल. येथे प्रश्न उभा राहतो तो तिथूनच. व्हँडल राजा गाइसेरिक याने १९ ऑक्टोबर ४३९ रोजी कार्थेज घेतले. गणना तेथून धरली तर चौथे आणि पाचवे वर्ष ४४२ ते ४४४ या काळात पडते. त्याचा मुलगा हुनेरिक ४७७ मध्ये गादीवर आला. गणना त्याच्या राज्यारोहणापासून धरली तर तीच वर्षे ४८० ते ४८२ मध्ये जातात. एकाच नाण्याच्या काळात सुमारे ४० वर्षांचे अंतर पडते आणि दोन्ही बाजूंनी अभ्यासकांनी मते मांडली आहेत.

माझा कल पहिल्या गणनेकडे आहे. ४४२ मध्ये पश्चिमेचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याने तह करून कार्थेजवरचा गाइसेरिकचा ताबा मान्य केला, आणि चौथे वर्ष नेमके त्याच सुमारास सुरू होते. नवा अंमल मान्य झाल्याची द्वाही फिरवायला याहून योग्य वेळ नव्हती, आणि होनोरियस जाऊन तेव्हा २० वर्षेच झाली असल्यामुळे त्याची नाणी लोकांच्या हातात असणार हेही गृहीत धरता येते. तरीही हा केवळ तर्क आहे, म्हणून सारणीत मी दोन्ही काळ शेजारशेजारच्या रकान्यांत दिले आहेत आणि स्वतःच्या मताला वेगळा रंग दिला आहे.

गुंथामुंड (४८४ ते ४९६) गादीवर आल्यावर कार्थेजमध्ये हा पेच संपतो. दर्शनी बाजूला त्याचे स्वतःचे नाव येते आणि मागे हाराच्या आत किंमत लिहिली जाते: ‘डी एन’ या अक्षरांखाली १००, ५० किंवा २५ चा रोमन आकडा, म्हणजे तितके दिनार. त्याच्यानंतरचे राजे थ्रासामुंड, हिल्डेरिक आणि ५३४ मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याला शरण गेलेला गेलिमेर यांनीही स्वतःच्या नावानेच चांदी पाडली. त्यामुळे ही नाणी माझ्या विषयाबाहेर जातात, आणि वजनाच्या तुलनेपुरतीच मी ती ठेवली आहेत.

सर्वांत अधिक वेळ मी ऑस्ट्रोगॉथांच्या चांदीवर घालवला आहे, आणि तो सार्थकी लागला असे मला मनापासून वाटते. इटलीत थिओडोरिकने (४९३ ते ५२६) सोन्यावर सम्राटाचेच नाव आणि मुखवटा कायम ठेवला. स्वतःची खूण द्यायचीच झाली तर लेखाच्या शेवटी एक बारीक मोनोग्राम, म्हणजे नावाची अक्षरे एकमेकांत गुंफून केलेले चिन्ह, इतकीच. सोन्यावर राजाने स्वतःचे नाव घालणे किती गैर मानले जाई, हे सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस याने फ्रँक राजाच्या सोन्याच्या नाण्यांवर केलेल्या टीकेवरून कळते. चांदीवर मात्र एवढा कडक पहारा नव्हता. थिओडोरिकच्या चांदीवर पुढे पूर्वेचा सम्राट अनास्तासियस याचे नाव, मागे ‘इन्विक्ता रोमा’ या लेखाच्या मध्यभागी संपूर्ण जागा व्यापणारा थिओडोरिकचा मोनोग्राम, वर क्रूस आणि खाली तारा, अशी रचना आढळते. त्याचा नातू आथालारिक याच्या वेळी मोनोग्रामच्या जागी हाराच्या आत चार ओळींत पूर्ण नाव आले: डी एन (येथे दिनार नव्हे, तर ‘आमचे स्वामी’), आथाल, आरिकुस, रेक्स (राजा). ही नाणी सव्वा ते दीड ग्रॅमची आहेत. काही सूचींत त्यांना अर्धी, तर काहींत पाव सिलिक्वा म्हटलेले आढळते, म्हणून मी सारणीतून ही नावे काढून टाकून केवळ ग्रॅम ठेवले आहेत.

५३५ मध्ये जस्टिनियनने ऑस्ट्रोगॉथांविरुद्ध युद्ध सुरू केले. त्यानंतरचा क्रम मी पुन्हा पुन्हा तपासला, कारण तो पहिल्या वाचनात पटत नाही. ऑस्ट्रोगॉथ राजा विटिगेस (५३६ ते ५४०) हा जस्टिनियनच्या सैन्याशी लढत असताना त्याच्या चांदीवर दर्शनी बाजूला जस्टिनियनच आहे. शत्रूचे नाव त्याने काढले नाही, कारण समझोत्याची आशा त्याने सोडली नव्हती. पुढचा राजा तोतिला (५४१ ते ५५२) याने मात्र चांदीवर अनास्तासियसचे नाव परत आणले. नाण्यावर तोतिलाचे नाव बादुइला असे येते. अनास्तासियस ५१८ मध्ये वारला होता आणि ४९७ मध्ये थिओडोरिकचे इटलीवरील राज्य त्यानेच मान्य केले होते. त्यामुळे तोतिलाने नाण्यावर केलेला दावा स्पष्ट आहे: आमचा करार त्या सम्राटाशी होता, तो आम्ही मोडलेला नाही, मोडला तो जस्टिनियनने. एवढ्याशा चांदीवर इतका नेमका राजकीय युक्तिवाद मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेला नाही. सुएबी किंवा व्हँडल राजांनी होनोरियसचे नाव ठेवले ते रूढ झालेल्या नाण्यावरचा लोकांचा विश्वास वापरण्यासाठी असावे. तोतिलाने अनास्तासियसचे नाव निवडून, जाणूनबुजून घातले.

यातून व्यवहारात एक अडचण निर्माण होते. थिओडोरिकच्या काळातील आणि तोतिलाच्या काळातील नाण्याची दर्शनी बाजू एकाच सम्राटाचे नाव घेऊन येते, आणि विक्रेत्याने केवळ तीच बाजू ठळक दाखवली तर गफलत सहज होते. त्यामुळे मागील बाजू आधी पाहावी: ‘डी एन बादुइला रेक्स’ असेल तर काळ ५४१ नंतरचा. मागील बाजू झिजलेली असेल तर मुखवट्याकडे वळावे. मी जमवलेल्या छायाचित्रांत थिओडोरिककालीन मुखवट्यावरील वस्त्राच्या चुण्या आणि मोत्यांच्या पट्ट्याचे ठिपके वेगवेगळे मोजता येतात, तर बादुइलाच्या नाण्यांवर चुण्या समांतर रेघांमध्ये विरघळतात आणि अक्षरे जाड होतात. हा फरक माझ्यापुढील नमुन्यापुरता आहे. तो टांकसाळीमुळेही असू शकतो, कारण ५४० मध्ये राव्हेना हातचे गेल्यावर गॉथांची मुख्य टांकसाळ तिकिनुम, म्हणजे पाविया येथे होती. शेवटचा राजा थेइया यानेही अनास्तासियसच्याच नावाने चांदी पाडली, आणि तोतिलाने तिकिनुममध्ये ठेवलेला खजिना त्याच्या हाती आला असे प्रोकोपियस सांगतो. ही चांदी त्याच खजिन्यातली असणे फार शक्य आहे.

पडताळणीसाठी ब्रिटिश म्युझियमची ऑनलाइन सूची आणि लिलावांची जुनी छायाचित्रे हाच माझा आधार आहे. १९११ ची व्रॉथ यांची सूची अजूनही उपयोगी पडते, पण तिच्यातील टांकसाळींची वाटणी नंतरच्या संशोधनाशी ताडून घेतल्याशिवाय मी स्वीकारत नाही. ज्यांच्याकडे ही नाणी प्रत्यक्ष आहेत त्यांना एक विनंती: वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवावे, आणि दोन्ही बाजूंच्या ठशांचा परस्पर कोन लिहून ठेवावा. ही चांदी वयोमानाने ठिसूळ होते, तेव्हा साफसफाई करू नये आणि नाणे वाकवून तर मुळीच पाहू नये.

पुढच्या टप्प्यात सिर्मियुमचा गट घेणार आहे. आजच्या सर्बियातील हे शहर ५०४ पासून ५३६ पर्यंत ऑस्ट्रोगॉथांकडे होते आणि त्यानंतर ५६७ पर्यंत गेपिड या आणखी एका जर्मानिक लोकांकडे. तेथील मानल्या जाणाऱ्या चांदीवरही सम्राटाचे नाव पुढे आणि मोनोग्राम मागे आहे. कोणता मोनोग्राम गॉथांचा आणि कोणता गेपिड राजांचा, यावर एकमत नाही. त्यासाठी मी मोनोग्रामांच्या रेखाकृती एकाच मापात काढायला घेतल्या आहेत, आणि अनास्तासियसच्या नावाची नाणी आधी, मग जस्टिन व जस्टिनियन यांची, असा क्रम धरला आहे.